उपकार नव्हे, कर्जफेड!

आपल्या बहुजन समाजांत डॉक्टर आणि नाटकवाला या दोघांविषयीं दोन ठरीव समजुती आहेत. डॉक्टर म्हटला कीं तो देव. त्याच्या पायांवर डोकें ठेवावें, तो मागेल ती फी मुकाट्यानें मोजावी, आणि त्यानें वर्षाकांठीं देवळाच्या कळसास किंवा सप्त्याच्या पंगतीस कांहीं रक्कम दिली कीं दानशूर म्हणून त्याच्या गळ्यांत हार घालावा. नाटकवाला किंवा तमासगीर म्हटला कीं तो रात्रीपुरता. फड रंगला तोंवर शिट्ट्या आणि फेटे, आणि सकाळीं तंबू उठला कीं त्याच्या चुलीवर काय शिजतें याची कोणीं विचारपूस करावयाची नाहीं. या दोन्ही समजुती खोट्या आहेत, आणि दोन्हींनीं आपलें सारखेंच नुकसान केलें आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

हें मत नुसतें तोंडानें सांगून कोणास पटणार नाहीं. म्हणून आम्ही वाचकांपुढें एक माणूस ठेवतों, जो डॉक्टरही होता आणि नटही होता, आणि ज्यानें दान या शब्दाचा मळ धुऊन काढला. ते म्हणजे डॉ. श्रीराम लागू. त्यांचा जन्म सातारचा, १६ नोव्हेंबर १९२७ चा. मृत्यु पुण्यास, १७ डिसेंबर २०१९ रोजीं.

नांव वाचतांच आमचे कांहीं जिवलग बंधु भुंवया उंचावतील. "ब्राह्मणेतरांच्या पत्रांत ब्राह्मणाच्या घरीं जन्मलेल्या नटाची आरती कशाला?" असा प्रश्न ते करतील. त्यांस आमचें उत्तर सरळ आहे. आपलें भांडण जन्माशीं कधींच नव्हतें. तें भिक्षुकशाहीशीं होतें, आणि आजही आहे. जोतीरावांनीं १८४८ सालीं पुण्यांत मुलींची शाळा काढली ती भिड्यांच्या वाड्यांत. त्या कामीं सखाराम यशवंत परांजपे, सदाशिव बल्लाळ गोवंडे, मोरो विठ्ठल वाळवेकर हे त्यांचे साथी होते. या मंडळींची जात विचारून जोतीरावांनीं त्यांस दारांतून परत लावलें असतें, तर शाळेचें नुकसान झालें असतें, पेशवाईच्या अवशेषांचें नव्हे. उलट आपल्याच जातींत जन्मून जे सावकारी करतात, मुलीच्या शिक्षणास आडवे येतात आणि लग्नांत हुंडा मोजून घेतात, ते काय केवळ जन्मानें आपले? माणूस कोणत्या पोटीं आला हें न पाहतां तो कोणाच्या बाजूस उभा राहिला हें पाहावें, हीच सत्यशोधकांची कसोटी आहे. डॉ. लागूंस आम्ही त्याच कसोटीवर घासून पाहतों.

डॉ. लागू हे पुण्याच्या वैद्यकीय महाविद्यालयांत शिकले. कान, नाक, घसा यांचे ते तज्ज्ञ होते. विद्यार्थी असल्यापासून त्यांस नाटकाचें वेड होतें. १९५१ च्या सुमारास भालबा केळकर आदि मंडळींबरोबर त्यांनीं पुण्यांत प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन ही संस्था उभी केली. पुण्यांत कांहीं वर्षें दवाखाना चालविला, पुढील शिक्षणासाठीं परदेशीं गेले, आफ्रिकेंत टांझानियांत जाऊन डॉक्टरकी केली. पैसा आणि प्रतिष्ठा दोन्ही हातांत असतांना, वयाच्या चाळिशींत, १९६९ सालीं त्यांनीं दवाखाना सोडला आणि पूर्ण वेळ नटाचा धंदा पत्करला. २३ डिसेंबर १९७० रोजीं वि. वा. शिरवाडकरांचें 'नटसम्राट' रंगभूमीवर आलें आणि त्यांतील अप्पासाहेब बेलवलकर महाराष्ट्राच्या घराघरांत जाऊन बसले.

आम्ही खेड्यांतील शाळामास्तर. त्यामुळें त्यांच्या दोन भूमिकांशीं आमचें विशेष नातें आहे. १९७२ च्या 'पिंजरा' चित्रपटांत ते मास्तर होते. गांवांत तमाशा नको म्हणून उठलेला, आणि शेवटीं त्याच फडाच्या मागें फरफटत गेलेला मास्तर. पुढें 'सामना' चित्रपटांतही ते मास्तरच होते. साखरकारखान्याच्या धन्यापुढें उभा राहून, "या गांवांतील एक माणूस नाहींसा कसा झाला?" हें विचारीत सुटलेला फाटका, दारुडा मास्तर. तो धनी झाले होते निळू फुले. सहकाराच्या नांवाखालीं आपल्याच माणसांनीं आपल्याच माणसांवर चालविलेली सरंजामशाही त्या चित्रानें उघडी केली. आपलीं वर्तमानपत्रें ज्या गोष्टी बोलावयास कचरत होतीं, त्या एका डॉक्टरानें, एका माळ्यानें आणि दिग्दर्शक डॉ. जब्बार पटेल या दुसऱ्या डॉक्टरानें पडद्यावर बोलून दाखविल्या.

परंतु नट मोठा होता एवढ्यासाठीं आम्ही लेखणी उचललेली नाहीं. मोठे नट पुष्कळ झाले. आमचा मुद्दा सामाजिक कृतज्ञता निधीचा आहे.

१९८० च्या दशकांत डॉ. लागू, निळू फुले, डॉ. बाबा आढाव, डॉ. नरेंद्र दाभोलकर अशा मंडळींनीं हा निधि उभारण्याचें मनावर घेतलें. कल्पना साधी होती. खेड्यापाड्यांत जीं मुलें-मुली घरदार सोडून आदिवासींत, देवदासींत, हमालांत, भूमिहीनांत पूर्ण वेळ काम करतात, त्यांच्या पोटाचें काय? त्यांनीं चळवळ करावी कीं उसनवारी? संस्थेच्या दारांत हात पसरावा कीं पुढाऱ्याच्या? म्हणून मोठी रक्कम एकदां गोळा करून ठेवावी, मुद्दलास हात लावूं नये, आणि व्याजांतून अशा कार्यकर्त्यांस दरमहा मानधन द्यावें. रक्कम गोळा करण्यासाठीं या मंडळींनीं आचार्य अत्र्यांचें 'लग्नाची बेडी' हें विनोदी नाटक घेतलें आणि त्याचे प्रयोग गांवोगांव केले. नामवंत नटनटींनीं त्यांत कामें केलीं. स्वतःची बिदागी त्यांनीं घेतली नाहीं. तिकिटाचा पैसा निधींत गेला.

आतां वाचकांनीं या निधीच्या नांवाकडे नीट पाहावें. दान नव्हे, धर्मादाय नव्हे, मदत नव्हे, कृतज्ञता. या एका शब्दांत आपल्या चळवळीचें अर्धें तत्त्वज्ञान आलें आहे. दानाची आपल्याकडील रीत कशी आहे? देणारा वर, घेणारा खालीं. देणाऱ्यास पुण्य, घेणाऱ्यास लाज. शिवाय घेणारा हा बहुधा गरजू नसतोच. तो मंत्र म्हणणारा असतो, आणि दिलेलें परलोकांत व्याजासह परत मिळेल असें त्यानें सांगितलेलें असतें. शेतकऱ्याच्या जन्मापासून मरणापर्यंत दक्षिणेचीं जाळीं कशीं पसरलेलीं आहेत हें जोतीरावांनीं जन्मभर सांगितलें. त्या दानानें शेतकरी कंगाल झाला आणि भिक्षुक लठ्ठ झाला. कृतज्ञतेचा हिशेब याच्या उलट आहे. येथें देणारा म्हणतो, "बाबा, माझ्या वांट्याचें काम तूं करतो आहेस. मी घरीं सुखानें जेवतों तें तूं उन्हांत हिंडतोस म्हणून. मी तुझा देणेकरी आहें. हा घे माझा हप्ता." येथें मान घेणाऱ्याचा आहे, आणि देणाऱ्यास पुण्य नाहीं, केवळ कर्जमुक्ति आहे.

डॉक्टराच्या तोंडीं ही भाषा शोभतेच. कारण डॉक्टर हा समाजाचा सर्वांत मोठा कर्जदार आहे. सरकारी महाविद्यालयांत जो मुलगा डॉक्टर होतो, त्याच्या शिक्षणाचा मोठा भाग त्याच्या बापानें दिलेल्या फीमधून निघत नाहीं, तर रॉकेलच्या दिव्याखालीं दिवस काढलेल्या आणि मीठमिरचीपासून बियाणाच्या पिशवीपर्यंत प्रत्येक वस्तूवर कर भरणाऱ्या लोकांच्या पैशांतून निघतो. शरीरशास्त्र तो ज्या बेवारस प्रेतावर शिकतो, तें प्रेतही कोणा गरिबाचेंच असतें. आणि हात बसतो तो सरकारी दवाखान्यांतल्या फुकट रोग्यांवर. एवढें कर्ज डोक्यावर घेऊन जो बाहेर पडतो, त्यानें तालुक्याच्या गांवीं तीन मजली इस्पितळ बांधावें, आणि देवळाच्या पायरीवर स्वतःचें नांव संगमरवरांत कोरून घेऊन स्वतःस दाता म्हणवावें, ही कसली रीत? कर्जदारानें व्याजाचा एक पैसा दिला म्हणून सावकारानें त्याची मिरवणूक काढावी, असेंच हें झालें.

डॉक्टरांची दुसरी परंपरा आपल्यांत नव्हती असें मात्र नाहीं. सत्यशोधक समाजाचे एक आधारस्तंभ डॉ. विश्राम रामजी घोले हे नामांकित शस्त्रवैद्य होते. आपल्या लहानग्या मुलीच्या स्मरणार्थ त्यांनीं पुण्यांत पाण्याचा हौद बांधला. तो बाहुलीचा हौद म्हणून आजही ओळखला जातो. देऊळ नव्हे, पाणी. १८९७ च्या प्लेगांत सावित्रीबाई रोगी उचलून आणीत होत्या तो दवाखाना डॉ. यशवंतराव फुले चालवीत होते. त्याच सेवेंत माउलीस प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजीं तिचा देह पडला. आमच्या काळांत डॉ. बाबा आढावांनीं नाना पेठेंतला आपला वैद्यकीचा व्यवसाय बाजूस ठेवून हमालांची पंचायत बांधली, 'एक गांव एक पाणवठा' म्हणत महाराष्ट्र पालथा घातला, आणि १९७४ सालीं 'कष्टाची भाकर' सुरू करून राबणाऱ्यास स्वस्त जेवण दिलें. ८ डिसेंबर २०२५ रोजीं, पंचाण्णव वर्षांचे होऊन, ते गेले. डॉ. दाभोलकरांस २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत भररस्त्यावर गोळ्या घालण्यांत आल्या. निळू फुले त्याआधींच, २००९ सालीं गेले. निधि उभारणारे हे चौघेही आज नाहींत. म्हणूनच त्यांनीं घालून दिलेली रीत आपण जपणार कीं नाहीं, हा प्रश्न आज करावा लागतो.

कोणी म्हणेल, पैसाच जमवावयाचा होता तर पावतीपुस्तक घेऊन दारोदार हिंडावें, नाटक कशाला? यांतच खरी मेख आहे. पावती फाडणारा शंभर रुपये देतो आणि मनांत उपकार ठेवतो. तिकीट काढणारा शंभर रुपये देतो आणि बदल्यांत तीन तास हंसतो. देणाराही मोकळा, घेणाराही मोकळा. शिवाय पावतीपुस्तक श्रीमंताकडे आधीं जातें आणि मग श्रीमंत सांगेल तशी संस्था वांकते. तिकिटाच्या खिडकीवर मात्र हमाल आणि सराफ एका रांगेंत उभे असतात. शंभर लोकांचे शंभर रुपये एका शेठजीच्या दहा हजारांपेक्षां अधिक मोलाचे असतात, कारण त्यांच्यामागें शंभर माणसें उभीं असतात.

ही युक्ति नवी नाहीं. ८ जुलै १९२१ रोजीं मुंबईस केशवराव भोसले आणि बालगंधर्व यांनीं 'मानापमान' नाटकाचा संयुक्त प्रयोग केला तो टिळक स्वराज्य फंडासाठीं. एका रात्रींत दोन कंपन्यांचें वैर विसरून दोन जातींचे दोन नट एका पेटींत पैसा टाकूं शकले. त्याच केशवरावांस पाठबळ देणारे शाहू छत्रपति वसतिगृहें काढतांना नाटकगृह बांधावयास विसरले नाहींत, कारण पोटास विद्या लागते तशी मनास कला लागते हें त्या राजास कळत होतें. तें नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्रीं आगींत जळालें तेव्हां कोल्हापुरांत लोक रडले. दगडविटांसाठीं कोणी रडत नाहीं.

जोतीरावांनीं स्वतः १८५५ सालीं 'तृतीय रत्न' हें नाटक लिहिलें. दक्षिणा प्राइझ कमिटीनें तें स्वीकारलें नाहीं. कां स्वीकारलें नाहीं हें सुज्ञांस सांगावयास नको. पुढें सत्यशोधकांनीं तमाशाचाच घाट घेऊन जलसे उभे केले. गणांत निर्मिकाची स्तुति घातली, वगांत सावकार आणि भिक्षुक यांची फजिती घातली, आणि ज्या खेड्यांत एकही मनुष्य वर्तमानपत्र वाचीत नव्हता तेथें विचार पोंचविला. भीमराव कर्डकांच्या आंबेडकरी जलशांनीं तीच परंपरा पुढें नेली. आपली चळवळ शाईनें जितकी वाढली त्याहून अधिक ढोलकीनें वाढली. ज्या समाजाची चळवळ ढोलकीवर वाढली त्यानेंच ढोलकीवाल्यास हलका मानावें, यासारखा कृतघ्नपणा दुसरा कोणता?

येथें डॉ. लागूंच्या पक्षासही दोन शब्द सुनावणें आम्हांस प्राप्त आहे. नुसती स्तुति हें भाटाचें काम. पहिली गोष्ट अशी कीं शहरांतील रंगभूमीनें तमाशाचा घाट पुष्कळ उचलला, तमासगिराचें दुःख फारसें उचललें नाहीं. शहरी नाटकांत ढोलकी वाजली, टाळ्या पडल्या. पण ढोलकीवाला म्हातारा झाल्यावर कोठें गेला? विठाबाई नारायणगांवकरांस राष्ट्रपतींचा सन्मान मिळाला. २००२ सालीं त्या गेल्या तेव्हां दवाखान्याचें बिल लोकांच्या वर्गणींतून भागवावें लागलें. पदक भिंतीवर टांगतां येतें, तें औषधाच्या दुकानांत चालत नाहीं. डॉ. लागूंनीं आपल्या मुलाच्या, तन्वीरच्या, नांवें २००४ पासून नाट्यकर्मींस सन्मान देण्याची प्रथा घातली. धांवत्या आगगाडीवर कोणीतरी भिरकावलेल्या दगडानें तो मुलगा गेला होता. बापानें त्या दगडास शाप दिला नाहीं, तर कलावंतांस मान दिला. ही फार मोठी गोष्ट आहे. परंतु असा मान फडावरच्या बाईच्या आणि सोंगाड्याच्या दारापर्यंत नेण्याचें काम आपलें आहे. तें शहरांतल्या मंडळींवर ढकलून आपणांस मोकळें होतां येणार नाहीं.

दुसरी गोष्ट देवाची. डॉ. लागू म्हणत कीं देवाला आतां निवृत्त करावें. दाभोलकरांबरोबर गांवोगांव वादसंवादाच्या सभा घेऊन ते हें उघड सांगत आणि लोकांचे प्रश्न उभ्यानें ऐकून घेत. आमच्या माळकरी आयाबायांस हें रुचणार नाहीं. जोतीरावांनींही निर्मिक मानलाच होता, आणि या बाबतींत आम्ही जोतीरावांच्या बाजूस आहों. परंतु एक भेद वाचकांनीं ध्यानांत घ्यावा. जोतीरावांचा निर्मिक दक्षिणा मागत नाहीं, आणि लागूंचा नास्तिक दक्षिणा देत नाहीं. दोघांमध्यें मध्यस्थ भिक्षुकास जागा नाहीं. वाट निराळी असली तरी दोघे येऊन पोंचतात ते माणसाच्या दाराशीं.

आतां आपल्या गांवांकडे वळूं. आपल्या खेड्यांत जत्रेची वर्गणी घरटी ठरते. ती न देणाऱ्यास वाळींत टाकल्यासारखें वागवितात. त्या पैशांतून डीजेच्या भिंती उभ्या राहतात, ज्यांच्या धक्क्यानें शाळेच्या खिडक्यांचीं तावदानें थरथरतात आणि म्हाताऱ्यांच्या छातींत धडधडतें. त्याच शाळेचें छप्पर पावसांत गळतें, आणि त्यासाठीं वर्गणी मागितली कीं, "तें सरकारचें काम" असें उत्तर मिळतें. देवाचें काम गांवाचें, आणि लेकराचें काम सरकारचें! सातवीनंतर पुढची शाळा लांब म्हणून ज्या मुली घरीं बसतात, त्यांच्यासाठीं गांवाच्या तिजोरींत पै नसते. ऊसतोडीस गेलेल्या आईबापांच्या मुलांस सहा महिने मागें ठेवून घेणारी, त्यांस दोन घांस घालणारी एखादी विधवा बाई असते; तिला मानधन देणारा कोणी नसतो.

म्हणून आमची सूचना अशी आहे. प्रत्येक गांवानें जत्रेची एक रात्र, फक्त एक, कृतज्ञतेची रात्र म्हणून राखावी. त्या रात्रीं डीजे नको. जवळपासच्या फडास किंवा गांवच्याच पोरांच्या नाटकास बोलवावें, आणि तें तिकिटावर ठेवावें. तालुक्याच्या डॉक्टरानें, वकिलानें, दुकानदारानें फुकटच्या पुढच्या खुर्चीची अपेक्षा न करतां तिकीट काढून बसावें. आणि डॉक्टराच्या मनांत खरोखरच कांहीं असेल तर त्यानें फडांतील कलावंतांची त्या दिवशीं विनामूल्य तपासणी करावी. फडाची बिदागी आधीं द्यावी. दुसऱ्याचें कर्ज फेडण्यासाठीं कलावंतास उपाशी ठेवणें हें पुन्हां नवें कर्ज काढणें होय. उरलेली रक्कम बँकेंत टाकावी, मुद्दल मोडूं नये, आणि व्याज कोणास द्यावयाचें तें ग्रामसभेंत, बायाबापड्यांच्या समक्ष ठरवावें. नांवांची संगमरवरी पाटी लावूं नये. हिशेबाचा कागद मात्र चावडीवर लावावा.

"लोक तिकीट काढणार नाहींत," असें कोणी म्हणेल. पहिल्या वर्षीं थोडे काढतील. परंतु आपली दमडी कोठें गेली हें चावडीवर वाचतां आलें तर दुसऱ्या वर्षीं अधिक काढतील. "पैसा खाल्ला जाईल," असें दुसरा म्हणेल. कळसाचा पैसा खाल्ला जात नाहीं काय? तेथें हिशेब मागण्याची देवाला भीति वाटते. येथें माणसाचें काम असल्यामुळें हिशेब मागण्यास कोणी भिणार नाहीं, हाच या रीतीचा मोठा फायदा आहे. शिवाय पेटीची किल्ली बचत गटाच्या बायकांकडे द्यावी. पांच-पांच, दहा-दहा रुपयांचा हिशेब त्यांनीं वर्षानुवर्षें चोख ठेवला आहे, पंचांनीं नव्हे.

बहुजन समाजांत आतां डॉक्टर कमी राहिलेले नाहींत. जोतीरावांच्या, शाहूंच्या आणि बाबासाहेबांच्या पुण्याईनें कुणबी, माळी, धनगर, महार, मांग, रामोशी अशा सर्व घरांतील मुलें पांढरा कोट घालूं लागलीं आहेत. त्यांस आमचें सांगणें आहे: बाबांनो, तुमची पाटी तुमच्या हुशारीनें जितकी लागली, तितकीच मागच्या चार पिढ्यांच्या शिव्या, दगड आणि शेण झेलणाऱ्यांमुळें लागली. सावित्रीबाईंच्या अंगावर पडलेल्या शेणाची किंमत कोणत्याही फींत भरून येत नाहीं. ती फेडावयाची तर कळसाकडे पाहून फिटणार नाहीं. ती फेडावयाची जागा खालीं आहे. गळक्या शाळेंत, फडाच्या राहुटींत, आणि उन्हांत हिंडणाऱ्या कार्यकर्त्याच्या रिकाम्या डब्यांत. तेथें द्याल तें दान समजूं नका, आणि आम्ही तुम्हांस दानशूरही म्हणणार नाहीं. कर्ज फेडणाऱ्यास समाज प्रामाणिक म्हणतो, आणि आमच्या मतें त्याहून मोठी पदवी नाहीं.